टाय-अप तुटतो तेव्हा

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर मी बरीच वर्षं काम करते आहे. रुग्णाला आत नेलं की नातेवाइकांतला एक जण डॉक्टरांमागे धावतो आणि दुसरा माझ्या खिडकीपाशी येतो. हातात विम्याचं कार्ड असतं. "मॅडम, हे कार्ड इथं चालतं ना?" अलीकडे या प्रश्नाला "गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं" असं उत्तर देण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. समोरच्याचा चेहरा खर्रकन उतरतो. इतकी वर्षं भरलेला हप्ता पाण्यात गेला, असंच त्याला वाटतं. काही जण तर त्याच पावली रुग्णाला दुसरीकडे हलवायला निघतात.

म्हणून आधी मूळ गोष्ट सांगते. पॉलिसी हा तुमचा आणि विमा कंपनीचा करार. रुग्णालय कंपनीच्या यादीत असणं हा कंपनीचा आणि रुग्णालयाचा करार. बहुतेक वेळा त्यात टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, ही तिसरी बाजू असते. या दुसऱ्या करारात दर ठरलेले असतात. गुडघा बदलण्याचे इतके, सिझेरियनचे इतके, खोलीचं भाडं इतकं. रुग्णालय ठरल्या दरात उपचार करतं आणि बिल परस्पर कंपनीकडून वसूल करतं, म्हणजेच 'कॅशलेस'. आम्ही डेस्कवरची माणसं या कराराला टाय-अप म्हणतो. टाय-अप तुटला की हा दुसरा करार संपतो. पहिला, तुमचा, जसाच्या तसा उभा असतो. फरक एवढाच की बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग कागद देऊन कंपनीकडून मागायचं. "एवढाच" म्हटलं खरं, पण ज्याच्या घरात लाख-दोन लाख रोकड पडलेली नसते त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, हे मी रोज बघते.

टाय-अप तुटतात ते मुख्यतः दरांवरून. करारातले दर ठरावीक मुदतीसाठी असतात. मुदत संपते, नर्सेसचे पगार वाढलेले असतात, औषधं महागलेली असतात, रुग्णालय वाढ मागतं. कंपनी म्हणते, तुमची बिलं आधीच फुगलेली आहेत. शिवाय मंजूर रकमेतून नंतर केलेल्या कपाती, रखडलेली देणी, ज्यादा तपासण्यांचे आरोप. माझ्या खुर्चीतून दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. गरज नसताना लांबलेली बिलं मी पाहिली आहेत आणि हातमोज्यांपासून सलाइनच्या नळीपर्यंत कापत गेलेले दावेही पाहिले आहेत. पण या वाटाघाटीच्या टेबलावर रुग्णाला खुर्ची नसते, आणि भुर्दंड मात्र त्यालाच बसतो.

ही आजकालची गोष्ट नव्हे. जुलै २०१० मध्ये न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांतली कॅशलेस सेवा बंद केली आणि ठरल्या पॅकेजदरात काम करणाऱ्या रुग्णालयांचं वेगळं जाळं उभं केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पारडं उलटं फिरलं. असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स इंडिया या रुग्णालयांच्या संघटनेनं उत्तर भारतातल्या आपल्या सदस्यांना सांगितलं, की बजाज अलियान्झच्या ग्राहकांची कॅशलेस सेवा १ सप्टेंबरपासून थांबवा. चर्चेनंतर ते मागे घेतलं गेलं. पण मधल्या दिवसांत ज्यांच्या शस्त्रक्रियेच्या तारखा जवळ होत्या, त्यांच्या घरात काय चाललं असेल याची मला पुरती कल्पना आहे.

जत तालुक्यातल्या एका आजींचं सांगते. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीत आईचंही नाव. रात्री उशिरा पोचले आणि कळलं, त्यांच्या टीपीएशी आमचा टाय-अप नुकताच संपला होता. मुलगा म्हणाला, "ताई, आईला कोल्हापूरला नेतो, तिथं यादीत एक हॉस्पिटल आहे." म्हातारपणी खुबा मोडला की शस्त्रक्रिया लवकर व्हावी लागते, आणि मोडक्या हाडाला पन्नास किलोमीटरचे धक्के. डॉक्टरांनी त्याला समजावलं, मी समोर बसवलं.

पहिलं काम, त्याच रात्री कंपनीला आणि टीपीएला ईमेल. रुग्णाचं नाव, पॉलिसी क्रमांक, रुग्णालय, दाखल झाल्याची वेळ, निदान. ही सूचना गेलीच पाहिजे. दुसरं, यादीत नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' नावाची सोय सुरू केली. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. रुग्णालय नोंदणीकृत आणि किमान १५ खाटांचं हवं. आम्ही मागणी केली, पण कंपनीनं देऊ केलेला दर आमच्या व्यवस्थापनानं नाकारला. या सोयीतली मेख हीच आहे. रुग्णालय 'हो' म्हणेल तरच ती चालते, आणि 'हो' म्हणायची सक्ती त्याच्यावर नाही. तरीही विचारा. आमच्याच इथं दुसऱ्या काही रुग्णांना ती मिळालेली आहे.

मुलानं पतसंस्थेतून आणि मामाकडून पैसे उभे केले. शस्त्रक्रिया झाली, आजी वॉकर घेऊन चालायला लागल्या. मग कागद. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार अंतिम बिल, प्रत्येक पावती, औषधांची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट, रिपोर्ट, एक्स-रे, रद्द केलेला चेक. हाडात बसवलेल्या इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर, ते नसेल तर हमखास क्वेरी येते. रुग्णालय यादीत नसलं की त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि खाटांची संख्याही मागतात. ती घरी जायच्या आधीच लेटरहेडवर लिहून घ्यावी. आणि देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स.

दावा मंजूर झाला, पण रक्कम कापून. कारण दिलं होतं, त्या भागातल्या रूढ आणि वाजवी दरापेक्षा बिल जास्त. यादीतल्या रुग्णालयात दर आधीच ठरलेले असल्यानं हा वाद सहसा उद्भवत नाही. बाहेरच्या रुग्णालयात उद्भवतो, आणि तिथं बहुतेक लोक गप्प बसतात. या मुलाला आम्ही पत्र लिहायला लावलं, की वाजवी दर कुठल्या आधारावर काढला ते लेखी द्या. काही आठवड्यांनी कापलेल्यातली बरीच रक्कम जमा झाली. कंपनीच्या तक्रार विभागाकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. गावाकडच्या माणसाला ही वाट माहीत नसते, म्हणून मी ती खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला सांगते.

एक धोका मात्र खरोखर मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. रुग्णालय यादीत नसणं वेगळं आणि कंपनीनं ते वगळलेल्यांच्या यादीत टाकणं वेगळं. गैरप्रकाराच्या संशयावरून कंपन्या काही रुग्णालयांची नावं वगळतात आणि ती संकेतस्थळावर जाहीर करतात. तिथं उपचार घेतले तर परताव्याचा दावाही मिळत नाही. अपघात किंवा जिवावरचा प्रसंग असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. ही दुसरी यादी निवांत वेळी एकदा नजरेखालून घालाच.

पहिली यादी तपासण्यातही लोक फसतात. पॉलिसीसोबत आलेली छापील यादी कपाटात ठेवतात आणि तीन वर्षांनी तीच घेऊन येतात. मोठ्या साखळी रुग्णालयाची एक शाखा यादीत असते, दुसरी नसते. ग्रुप पॉलिसीची यादी आणि तुम्ही स्वतः घेतलेल्या पॉलिसीची यादी, कंपनी एकच असली तरी वेगळी असू शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची यादी तर सर्वस्वी निराळी. तेव्हा फोन रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कला करा, पॉलिसीचं आणि टीपीएचं नाव सांगा आणि "आज कॅशलेस सुरू आहे का?" असं विचारा. ठरवून शस्त्रक्रिया असेल तर तारीख घेताना एकदा आणि दाखल व्हायच्या आदल्या दिवशी पुन्हा. पॉलिसीत यादीबाहेरच्या रुग्णालयासाठी सहभाग-रक्कम, म्हणजे को-पे, लावला आहे का तेही बघा. काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक टक्का तुमच्या माथी मारलेला असतो. जवळची रुग्णालयं एकामागून एक गळत असतील तर कंपनी बदलण्याचा, म्हणजे पॉलिसी पोर्ट करण्याचा, विचार करा, पण नूतनीकरणाच्या निदान दोन महिने आधी हालचाल सुरू करा. पोर्ट केल्यावर जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची पूर्ण केलेली वर्षं वाया जात नाहीत.

मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानं, आयआरडीएआयनं, कॅशलेसची विनंती आल्यापासून एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, असं बंधन घातलं. त्याचा फायदा मी डेस्कवर प्रत्यक्ष अनुभवते आहे. संध्याकाळी सुटी मिळालेला रुग्ण मंजुरीअभावी रात्रभर खाटेवर अडकून पडायचा, ते बरंच कमी झालं. तशीच शिस्त टाय-अपच्या बाबतीत आणावी, असं माझं ठाम मत आहे. हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज महिनाभर आधीपासून येतात. मग तुमच्या पिन कोडमधलं रुग्णालय यादीतून जाणार असल्याचा एक मेसेज का येऊ नये? माणूस पॉलिसी घेतो तेव्हा घराजवळचं रुग्णालय यादीत आहे ना, एवढं तरी बघून घेतो. त्याचा वर्षाचा हप्ता कंपनीकडे जमा झालेला असतो. तेव्हा पॉलिसीच्या मुदतीत टाय-अप तुटला, तरी त्या ग्राहकासाठी नूतनीकरणापर्यंत जुने दर दोन्ही बाजूंनी पाळावेत.

निदान डायलिसिस आणि किमोथेरपीच्या रुग्णांसाठी तरी हे लगेच व्हावं. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो. त्याला प्रत्येक वेळी आधी पैसे भर आणि मग दावा कर, असं सांगणं अमानुष आहे. किमोच्या सहा सायकलींपैकी तीन झालेल्या असताना मध्येच डॉक्टर आणि रुग्णालय बदलायला लावणंही तसंच. अशा रुग्णाच्या उरलेल्या तीन सायकली त्याच रुग्णालयात, त्याच दरानं, कॅशलेसच पूर्ण व्हायला हव्यात.