रात्री बाराची भूक

बँकेत असताना 31 मार्चच्या रात्री ताळेबंद जुळेपर्यंत बटाटेवडे येत आणि ते पचतही. आता कादंबरीचं प्रकरण अडलं, की रात्री स्वयंपाकघरातले डबे उघडले जातात. ‘झोपा मुकाट्यानं’ हा घरचा सल्ला मला मान्य नाही. पोटात कावळे ओरडत असताना झोप कसली?

माझी पसंती मूठभर फुटाण्यांना, तेही सालासकट. 30 ग्रॅममध्ये सहाएक ग्रॅम प्रथिनं आणि चोथाही बराच. पोटाला आधार टिकतो. वर पेलाभर पातळ ताक, जिरेपूड घातलेलं. ज्वारीच्या लाह्या आपल्याला नागपंचमीलाच का आठवतात, कोण जाणे! कांदा, तिखट, थेंबभर तेल लावलं, की चिवडा आठवत नाही. (जवळजवळ आठवत नाही.)

मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माझ्या समवयस्कांनी एक भेद ओळखावा. घाम फुटून हात थरथरू लागले, तर ती नुसती भूक नसते. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तिथे फुटाणे कामाचे नाहीत, ते सावकाश पचतात. आधी चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, मग बाकीचं. माझ्या उशाशी साखरेचा डबा असतो तो त्यासाठीच. मुंग्यांशी मात्र रोज तंटा चालतो.