पुण्याचा फुटबॉल क्लब हैदराबादला कसा गेला?

2013 सालचं पुणे एफसी आठवतंय? 2007 मध्ये अशोक पिरामल ग्रुपने सुरू केलेला हा क्लब त्या वर्षी आय-लीगमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला होता.

2014 ला आयएसएल आली आणि बालेवाडीच्या त्याच मैदानावर दुसरा संघ उतरला, एफसी पुणे सिटी. मालकांमध्ये हृतिक रोशनही होता. पुढच्याच वर्षी पुणे एफसीचा सिनियर संघ बंद पडला. राहिली फक्त अकादमी, पण तिथली पोरं भारी होती. 2016 मध्ये पुणे सिटीने ती अकादमीच घेतली. आशिक कुरुनियन तिथलाच. स्पेनला जाऊन आला, पुणे सिटीकडून खेळला, मग भारताकडूनही. या व्यवहारातली खरी कमाई म्हणाल तर हीच.

2018 मध्ये पुणे सिटी सेमीफायनलला पोचलं. पण पैशाची ओढाताण सुरू झाली आणि 2019 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. आयएसएलमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली, बरेच खेळाडूही तिकडेच गेले. 2022 मध्ये हैदराबादने आयएसएल जिंकली तेव्हा संघात निखिल पुजारी आणि आशिष राय हे जुने पुणे सिटीवाले होते.

आणि बालेवाडी? 2023 मध्ये तिथे एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. यजमान संघ होता मुंबई सिटी.