आकडा पोलिसांचा, प्रश्न आरोग्याचा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रात. ही मोजणी पोलीस ठाण्यांतल्या नोंदींवर चालते. बदनामीच्या आणि चौकशीच्या भीतीने अनेक कुटुंबे खरे कारण सांगत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार. प्रयत्नातून वाचलेल्यांना पुन्हा धोका असतो. त्यांची नोंद रुग्णालयांनीच ठेवायला हवी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा वाचलेल्यांना शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. 2022 च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने 2030 पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू 10 टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. आरोग्यखात्याची स्वतःची भरवशाची नोंद नसेल तर हे लक्ष्य गाठले का, ते तपासणार कसे? मन खचले असेल तर ‘टेली-मानस’च्या 14416 क्रमांकावर बोला, ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.