नेटवरचा दुसरा खेळाडू

टेनिसमधली दुहेरी बघायची तर बेसलाइनच्या मागे बसावं. बाजूच्या खुर्च्यांवरून चेंडू छान दिसतो, पण मान इकडून तिकडे वळवण्यातच सामना संपतो. मागे बसलं की सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ पाठमोरा वाकलेला दिसतो आणि त्याच्या पाठीमागचा हातही. नागपूरहून रात्रभराचा प्रवास करून मी बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र बघायला गेलो, तो त्या हाताच्या ओढीनंच.

बंद मूठ म्हणजे मी जागेवरच थांबतो, उघडा पंजा म्हणजे आडवा जातो. बोटांनी सर्व्हिस कुठे टाकायची तेही सांगतात. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या. काही जोड्या खुणांपेक्षा बोलण्यावर भर देतात. प्रत्येक गुणाआधी जवळ येऊन, तोंडासमोर चेंडू धरून दोन वाक्यं बोलतात. दोन गुणांमधल्या 25 सेकंदांत हे सगळं उरकायचं असतं.

खरी परीक्षा त्यानंतरची. आडवं निघायचं कधी? लवकर निघालात तर परतवणाऱ्याला ते दिसतं आणि तो चेंडू मोकळ्या झालेल्या कडेनं काढतो. उशीर झाला तर चेंडू समोरून निघून गेलेला असतो. परतवणाऱ्याची नजर चेंडूवर खिळली आणि रॅकेट पुढे येऊ लागली, तेवढ्या निमिषात निघावं लागतं. कधी नुसता खांदा हलवून जागीच थांबायचं. तेवढ्यानंही समोरच्याचा फटका बिघडतो. एकेरीचं कोर्ट 27 फूट रुंद, दुहेरीचं 36. दोन्ही कडांच्या साडेचार फुटी पट्ट्या खेळात येतात, म्हणूनच जोडीदार आडवा गेला की सर्व्हिस करणाऱ्यानं धावत जाऊन त्याची रिकामी बाजू झाकायची असते. टाळ्या व्हॉली मारणाऱ्याला मिळतात. माझ्या मते त्यातल्या निम्म्या सर्व्हिस करणाऱ्याच्या आहेत. त्यानं चेंडू मध्यरेषेजवळ टाकला, म्हणून समोरच्याला कोन मिळाला नाही.

एटीपीच्या दुहेरीत 2006 पासून 40-40 झाल्यावर ड्यूस नसतो. एकच निर्णायक गुण, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. सेट 1-1 झाले तर तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा सुपर टायब्रेक. चूक भरून काढायला वेळच उरत नाही. 2022 मध्ये पुण्यातली अंतिम लढत रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्ध अशीच जिंकली. पहिला सेट टायब्रेकमध्ये 10-12 असा गेला, दुसरा 6-3 घेतला, सुपर टायब्रेक 10-6. त्याआधी 2019 मध्ये बोपण्णानं इथेच दिविज शरणसोबत विजेतेपद मिळवलं होतं. जोडीदार बदलला की खुणा, सवयी, एकमेकांवरचा भरवसा, सगळं नव्यानं बांधावं लागतं. ते बोपण्णानं वर्षानुवर्षं केलं. 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर त्यानं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांकही मिळवला. पायांचा वेग उतरल्यावरही समोरच्याचा फटका आधी ओळखणारी नजर किती पुढे नेते, हे त्यानं दाखवलं.

एकेरीचा सामना आटोपला की निम्मं स्टेडियम उठतं, याचं मला फार वाईट वाटतं. दुहेरी ही एकेरीची धाकटी बहीण नव्हे, तिची विद्या वेगळी आहे, आणि भारतानं टेनिसमध्ये सर्वांत मोठी नावं याच विद्येत कमावली आहेत. तरी आपल्या मुलांचा बहुतेक सराव बेसलाइनवरून चेंडू मारण्यात जातो. नागपुरातल्या, विदर्भातल्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: आठवड्यातला एक दिवस चार मुलांना एकत्र कोर्टवर उतरवा, आणि त्या दिवशी त्यांना नेटवर उभं राहायला शिकवा.