वर्षाची बेगमी वाहणारी तांबडी बोट

पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे घरधनीण धान्य, डाळी, तिखट-मीठ, सरपण भरून ठेवते. काही कमी पडलेच तर शेजारी उसने मिळते. आठवड्याचा बाजारही असतो. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर शेजारही नाही नि बाजारही नाही. तेथे मॉसन, डेव्हिस व केसी ही ऑस्ट्रेलियाची संशोधन-ठाणी आहेत. हिवाळ्यात समुद्र गोठला, की तिथली मोजकी माणसे कित्येक महिने जगापासून तुटतात. पीठ-साखरेपासून खिळ्या-पत्र्यांपर्यंत सारे उन्हाळ्यात बोटीने यायचे. मुख्य म्हणजे डिझेल. ते संपले तर दिवाही नाही आणि ऊबही नाही.

डेन्मार्कमध्ये १९६१ साली बांधलेली 'नेल्ला डॅन' ही तांबडी बोट २६ वर्षे या कामावर होती. अंटार्क्टिक विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिलिप लॉ यांच्या पत्नी नेल यांच्यावरून तिला नाव मिळाले. होबार्ट बंदरापासून मॉसन सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. वाटेत खवळलेला दक्षिण समुद्र, पुढे बर्फ. पातळ बर्फ ती नाकाने फोडी. जाड असला तर फट शोधायची, नाहीतर थांबायचे. १९८५ साली ती अशी अडकली, की सात आठवडे हलेना. अखेर जपानच्या 'शिरासे' या बर्फफोड्या जहाजाने तिला सोडवले.

पण खरी कसोटी माल उतरवताना. धक्का नसतो. तराफ्यांवर माल उतरवायचा, किंवा समुद्र गोठलेला असेल तर थेट त्या बर्फावर. एकदा वारा फिरला की काम बंद.

याच कामात तिचा घात झाला. अंटार्क्टिकाच्या वाटेवर मॅक्वारी बेट आहे. तेथेही ऑस्ट्रेलियाचे ठाणे आहे. ३ डिसेंबर १९८७ रोजी तेथे नळीने डिझेल किनाऱ्यावर चढवत असताना वारा उठला, नांगर घसरला आणि बोट खडकांवर गेली. माणसे सगळी सुखरूप उतरली. तेल मात्र सांडले; किनाऱ्याचे असंख्य लहान जीव मेले. ज्या तेलावर माणसे जगायची, त्यानेच हे केले.

पुढे तिला खडकांवरून ओढून काढले, पण नांदत्या बंदरात काही आणले नाही. २४ डिसेंबरला खोल समुद्रात नेऊन बुडवले. ती दुरुस्त होण्याजोगी होती, असे तिच्यावरून प्रवास केलेले कित्येक जण पुढे वर्षानुवर्षे म्हणत राहिले.