कड ताजी करायची

कानाचा पडदा जेमतेम 9-10 मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जाड. कानशिलात बसली किंवा काडी लागली की तो फाटतो, पण बहुतेकदा काही आठवड्यांत आपला आपणच भरून येतो. तीन महिने उलटूनही भोक राहिलं, तर ते सहसा हटत नाही. कडेवरून कातडी आत वळलेली असते आणि शरीराच्या लेखी जखम केव्हाच मिटलेली असते. म्हणून डॉक्टर ती पुन्हा करतात.

खुर्चीतल्या मावशींच्या कानात बधिरतेच्या औषधाचा बोळा घालून पंधरा मिनिटं झालेली.
"दुखंल का हो?"
"थोडं चुरचुरेल. मान मात्र हलवू नका."

बारीक सळईच्या टोकाला कापसाचा विरळ वेढा. तो ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लात बुडवून जवळजवळ कोरडा होईस्तोवर टिपला, कारण एखादा थेंब आत गळला तर मधल्या कानाचं अस्तर भाजेल. मग सूक्ष्मदर्शकाखाली भोकाच्या कडेला नुसता स्पर्श. मॉनिटरवर कड शिजलेल्या अंड्यासारखी पांढरी होत गेली. भोकापेक्षा थोडा मोठा, सिगारेटच्या कागदाचा ओलसर तुकडा वर टेकवला.

मावशी दचकल्या. "डॉक्टर, मोठ्यानं बोलताय का?"

भोक झाकलं गेल्यानं आवाज मोठा वाटत होता. पण तो कागद पडदा होत नाही. त्याच्या आधाराने नवी कातडी सरकत येते, एवढंच त्याचं काम. बोस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक यांनी 1887 मध्ये ही ठिगळाची रीत मांडली. कागद सुटतो, पुन्हा लावावा लागतो. चिकाटी नसलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. काही डॉक्टर कानाच्या पाळीतल्या चरबीचा गोळा काढून भोकात बसवतात. जपानने 2019 मध्ये मान्यता दिलेल्या उपचारात पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज ठेवतात. पण तिथेही आधी कड ताजी करायचीच.

कौशल्य हातात आहे तितकंच नकार देण्यात. भोक लहान, मधोमध आणि कान कोरडा हवा. पडद्याच्या काठावरच्या भोकामागे हाड पोखरणारी कातडीची गाठ असू शकते. तिथे शस्त्रक्रियाच लागते. मावशींनंतर आलेल्या मुलाचा कान वाहत होता.
"घरी काय घातलंत?"
"लसणीचं तेल, कोमट करून."
डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितलं, थेंब लिहून दिले आणि कागदाची डबी मिटून टाकली.