देयधम्म : शेलारवाडीच्या लेण्यातील एक दान

बौद्ध धम्माच्या प्रसाराचा इतिहास सांगताना आपले वक्ते बहुधा सम्राट अशोक आणि सातवाहन राजे यांच्यापाशीच थांबतात. राजाश्रयाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांतील उपासकांनी आपल्या शेजारचा एक पुरावा अवश्य पाहावा.

देहूरोड आणि तळेगाव यांच्या दरम्यान, लोहमार्गालगतच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. मुख्य लेण्यात आज शिवलिंग असल्यामुळे लोक त्यांना घोरावडेश्वर म्हणून ओळखतात. तेथे एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगऱ्याच्या पत्नीने, सियगुतणिकेने, आपला पुत्र नंद गहपती याच्यासह हे लेणे दान दिले, एवढाच त्याचा आशय. दान देणारी स्त्री आहे; पतीचे नाव येते ते तिची ओळख पटावी म्हणून. स्वर्ग, संतती, राज्य यांपैकी काहीही तिने मागितलेले नाही.

लेखातील ‘देयधम्म’ हा शब्द मात्र नीट समजून घेतला पाहिजे. त्याचा अर्थ काहीजण ‘धम्मदान’ असा करतात, तो चूक आहे. येथे ‘धम्म’ म्हणजे वस्तू. देण्याजोगी वस्तू ती देयधम्म. धम्मदान म्हणजे तथागतांच्या उपदेशाचे दान. भिक्खूने उपदेश द्यावा आणि उपासकाने चीवर, भोजन, निवारा व औषध पुरवावे, अशी ही परस्परांवर अवलंबून असलेली व्यवस्था होती. ‘लेण’ हा शब्दही पाली विनयात निवारा याच अर्थाने येतो. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणाऱ्या भिक्खुसंघाला छप्पर हवे असे, आणि मावळातला पाऊस आपणांस ठाऊकच आहे!

असे दाते एकटेदुकटे नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्याच सिंहदत्त नामक गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दिले. चाकणवरून उत्तरेस जुन्नरला जावे, तर तेथे धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी सोपविल्याचीही तेथे नोंद आहे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली, तेव्हा नागपूरची धम्मदीक्षा अद्याप बावीस महिने दूर होती. त्या विहारापासून सियगुतणिकेचे लेणे लोकलने एक-दोन स्थानकांच्या अंतरावर आहे. दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला येणाऱ्यांपैकी तो डोंगर चढणारे उपासक आम्हांस थोडेच दिसतात.